पदवीनंतर परदेशी सेवा : अमेरिकी विद्यापीठांतील पूर्वतयारीचा इतिहास

पदवी मिळाल्यावर दोन-एक वर्षे परक्या देशात जायचे, तिथल्या लोकांत राहायचे आणि पोटापुरत्या भत्त्यावर त्यांच्या गरजेचे काम करायचे, ही प्रथा विसाव्या शतकात रुजली. अशा कामाला निघालेल्या तरुणाला आधी काय शिकवावे, किती काळ शिकवावे आणि कुठे शिकवावे, हे प्रश्न प्रथेबरोबरच आले. त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील विद्यापीठांत झाला. 1961 मध्ये ‘पीस कोअर’ ही सरकारी संस्था उभी राहिली आणि तिच्या स्वयंसेवकांना तयार करण्याचे काम विद्यापीठांकडे आले. त्यानंतरच्या सहा दशकांत हे काम वर्गातून बाहेर पडले, अमेरिकेतूनही बाहेर गेले आणि अखेरीस वेगळ्या रूपात पुन्हा महाविद्यालयांत परतले. या प्रवासात भाषा, हातचे कौशल्य आणि यजमान समाजाविषयीचा आदर या तीन गोष्टी अनेकदा मागे पडल्या आणि अनुभवाने प्रत्येक वेळी त्या पुढे आणल्या.

महाविद्यालयांतील उगम

अमेरिकी महाविद्यालयांतील तरुणांनी परदेशी कामाचा संकल्प करण्याची परंपरा धर्मप्रसारातून सुरू झाली. 1806 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळी पावसात गवताच्या गंजीचा आडोसा घेऊन प्रार्थना केली आणि आशियात जाण्याचा विचार मांडला. त्या प्रेरणेतून 1810 मध्ये परदेशी मिशनचे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. हॉल विल्यम्स कॉलेजचेच पदवीधर होते. त्यांची तयारी मुख्यतः धर्मशास्त्राची होती. मराठी शिकण्याची सोय त्या काळी अमेरिकेत नव्हती, ती भाषा त्यांना मुंबईत आल्यावरच शिकावी लागली.

या परंपरेला विद्यार्थी चळवळीचे रूप देणाऱ्यांतील एक प्रमुख तरुण कोल्हापुरात जन्मलेला होता. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म 1863 चा. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले होते. रॉबर्ट यांनी प्रिन्स्टनहून पदवी घेतली आणि 1886 मध्ये माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात ते सहभागी झाले. शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी कामाला जाण्याची प्रतिज्ञा केली. वाइल्डर यांनी त्यानंतर महाविद्यालयांचा दौरा करून ही प्रतिज्ञा सर्वदूर नेली आणि 1888 मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. तिने महाविद्यालयांत अभ्यासमंडळे चालवली, परदेशांची माहिती देणारी पुस्तके नेमली आणि पदवीच्या वर्षांतच पुढच्या कामाची तयारी करण्याची पद्धत पाडली. चळवळीचा हेतू धर्मांतराचा होता, म्हणून पुढच्या काळातील निधर्मी सेवेशी तिची सरसकट बरोबरी करता येत नाही. पण विद्यापीठात शिकत असतानाच परदेशी सेवेची आखणी करायची, ही कल्पना तिच्यामुळे रूढ झाली.

धर्मप्रसाराचा हेतू बाजूला ठेवून केलेल्या तयारीचे ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. क्वेकर पंथाच्या लोकांना शस्त्र हाती घेणे मान्य नव्हते. त्यांनी एप्रिल 1917 मध्ये ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ स्थापन केली. हॅव्हरफर्ड कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे रुफस जोन्स तिचे अध्यक्ष झाले. त्या उन्हाळ्यात सुमारे शंभर तरुणांना याच कॉलेजात फ्रेंच भाषा, सुतारकाम, मोटारींची दुरुस्ती आणि शेतीकाम शिकवून फ्रान्समध्ये उद्ध्वस्त गावे उभारण्यासाठी पाठवण्यात आले. भाषा आणि कारागिरी यांची ही सांगड पुढच्या अनेक योजनांपेक्षा नेमकी होती. युरोपात याच सुमारास स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी 1920 मध्ये व्हर्दंजवळ आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवले. 1934 च्या भूकंपानंतर तेच सेरेसोल बिहारमध्ये पुनर्वसनाच्या कामाला आले.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे प्रयोग

महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिकेतील वसाहती एकेक करून स्वतंत्र होऊ लागल्या. नव्या देशांना शिक्षक, अभियंते, परिचारिका आणि कृषितज्ज्ञ हवे होते. त्याच वेळी पाश्चात्त्य विद्यापीठांतील तरुणांत, परदेशी तज्ज्ञांचा डामडौल टाळून साधेपणाने काम करावे, अशी ओढ निर्माण झाली होती. मेलबर्न विद्यापीठाचे पदवीधर हर्ब फेथ 1951 मध्ये जाकार्ताला गेले आणि इंडोनेशियाच्या माहिती मंत्रालयात स्थानिक पगारावर काम करू लागले. त्यांच्या मागोमाग इतर पदवीधरही गेले आणि त्यातून ऑस्ट्रेलियाची स्वयंसेवक पदवीधर योजना आकाराला आली. इंडोनेशियन सहकाऱ्यांइतकेच वेतन घ्यायचे, त्यांच्यासारखे राहायचे आणि त्यांच्याच भाषेत बोलायचे, हे या योजनेचे नियम होते.

ब्रिटनमध्ये अॅलेक डिक्सन यांनी 1958 मध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ सुरू केली. सुरुवातीला ती शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना पाठवत असे. यजमान देशांना प्रशिक्षित माणसे हवी आहेत हे लक्षात आल्यावर 1960 च्या दशकात तिने पदवीधरांवर भर दिला. 1958 मध्येच न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जेम्स रॉबिन्सन यांनी ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ सुरू करून अमेरिकी विद्यार्थ्यांचे गट उन्हाळ्यात आफ्रिकेतील गावांत श्रमकामाला नेले. कॅनडाच्या विद्यापीठांनी 1961 मध्ये ‘कॅनेडियन युनिव्हर्सिटी सर्व्हिस ओव्हरसीज’ स्थापन केली. तिचे पहिले पदवीधर भारत, सिलोन आणि सारवाक येथे गेले.

पीस कोअरची स्थापना

अमेरिकेत ही कल्पना सरकारी योजनेच्या रूपाने प्रथम संसदेत मांडली गेली. 1960 च्या आरंभी काँग्रेस सदस्य हेन्री रूस यांनी तरुणांच्या परदेशी सेवादलाचा अभ्यास करण्याची मागणी केली आणि ते काम कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे सोपवले गेले. सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी त्याच वर्षी पीस कोअरचे विधेयक आणले. विद्यार्थ्यांचा पाठिंबा मात्र एका रात्रीत उघड झाला. 14 ऑक्टोबर 1960 रोजी पहाटे दोनच्या सुमारास अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठाच्या आवारात पोहोचले. हजारो विद्यार्थी त्यांची वाट पाहत थांबले होते. डॉक्टर किंवा अभियंता झाल्यावर परदेशात काही वर्षे काम करायला किती जण तयार आहेत, असा प्रश्न केनेडींनी त्यांना विचारला. अॅलन आणि ज्युडी गस्किन या विद्यार्थी दाम्पत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्यांची मोहीम हाती घेतली आणि विद्यापीठातील शेकडो जणांनी आपली तयारी लेखी कळवली. 2 नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणात केनेडींनी या योजनेची जाहीर घोषणा केली.

1 मार्च 1961 रोजी अध्यक्षीय आदेशाने पीस कोअर स्थापन झाली आणि 22 सप्टेंबर 1961 रोजी तिला कायद्याचा आधार मिळाला. पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर यांच्या सहकाऱ्यांत हॅरिस वॉफर्ड होते. वॉफर्ड आणि त्यांच्या पत्नी क्लेअर हे दोघे भारतात राहून गेले होते, गांधीजींच्या विचारांचा त्यांनी अभ्यास केला होता आणि 1951 मध्ये भारतावर पुस्तकही लिहिले होते. 1961 मध्ये श्रायव्हर दिल्लीत नेहरूंना भेटले. नेहरूंनी थोड्या स्वयंसेवकांना पंजाबात येऊ देण्याचे मान्य केले, पण अमेरिकी तरुणांना इथे शिकण्यासारखेच पुष्कळ आहे, याचीही जाणीव करून दिली. पुढे प्रशिक्षणाला जे शहाणपण आले त्याचे सार या भेटीतच होते.

विद्यापीठांकडे काम का गेले

नव्या संस्थेकडे स्वतःची प्रशिक्षण केंद्रे नव्हती आणि पहिले स्वयंसेवक काही महिन्यांत रवाना करायचे होते. विद्यापीठांकडे वसतिगृहे होती, विषयतज्ज्ञ होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत रिकामे वर्गही होते. सोव्हिएत संघाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेने 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला होता. त्याच्या निधीतून आशिया-आफ्रिकेच्या भाषा आणि समाज यांची अभ्यासकेंद्रे अनेक विद्यापीठांत उघडली होती. पीस कोअरला ही व्यवस्था आयती मिळाली.

1961 च्या उन्हाळ्यात रटगर्स विद्यापीठात कोलंबियाला जाणाऱ्या गटाचे प्रशिक्षण सुरू झाले. टँगानिकासाठी निवडलेले सर्वेक्षक, अभियंते आणि भूगर्भतज्ज्ञ एल पासो येथील टेक्सस वेस्टर्न कॉलेजात तयार झाले. घानात शिक्षक म्हणून जाणाऱ्यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने शिकवले. ऑगस्टच्या अखेरीस हा सुमारे पन्नास जणांचा गट अक्रा विमानतळावर उतरला आणि त्याने घानाचे राष्ट्रगीत तिथल्या त्वी भाषेत म्हटले. भारतासाठीचा पहिला गट 26 जणांचा होता. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत प्रशिक्षण घेऊन तो डिसेंबर 1961 मध्ये भारतात आला आणि पंजाबात शेतीविषयक कामाला लागला.

अभ्यासक्रम सगळीकडे साधारण सारखा होता. प्रत्यक्ष कामाचे तांत्रिक शिक्षण, यजमान देशाचा इतिहास व समाज, त्या देशाची भाषा, अमेरिकेचा इतिहास व जागतिक घडामोडी, साम्यवादाची ओळख, आरोग्यरक्षण, शारीरिक शिक्षण आणि पीस कोअरची उद्दिष्टे असे त्याचे आठ भाग होते. हा सगळा अभ्यास साधारण दोन ते तीन महिन्यांत उरकायचा असे. पहाटेच्या व्यायामाने दिवस सुरू होई आणि रात्रीच्या व्याख्यानाने संपे. आठवड्याचे साठ तास भरत. शीतयुद्धाचा प्रभाव वेळापत्रकात उघड दिसे. परदेशात अमेरिकेच्या धोरणांवर, विशेषतः कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीवर कुणी प्रश्न विचारला तर काय उत्तर द्यावे, याचाही सराव होत असे.

कसोटी आणि निवड

प्रशिक्षण हीच निवडीची अंतिम पायरी होती. दाखल झालेला प्रत्येक जण परदेशी जाईलच असे नव्हते. केंद्रावर मानसशास्त्रज्ञ नेमलेले असत. ते मुलाखती व चाचण्या घेत आणि प्रशिक्षणार्थींकडून त्यांच्या सोबत्यांविषयी मत लिहून घेत. मध्यावर आणि शेवटी निवड मंडळ बसे आणि अयोग्य ठरलेल्यांना घरी पाठवले जाई. यामुळे अनेक तरुण सतत दडपणाखाली राहत. कोण आपल्यावर नजर ठेवून आहे या विचाराने मोकळेपणाने बोलायला ते कचरत. शिकवणारा आणि पारखणारा एकच असल्यामुळे शंका विचारणेही धोक्याचे वाटे, ही या पद्धतीची मोठी उणीव होती.

काही गटांना विद्यापीठानंतर पोर्तो रिकोमधील अरेसिबोजवळच्या शिबिरांत नेले जाई. कडे चढणे, धरणाच्या भिंतीवरून दोराने उतरणे, हातपाय बांधून पाण्यात तरंगत राहणे असे साहसी प्रकार तिथे करून घेत. अपरिचित परिस्थितीत माणूस किती टिकतो हे पाहण्याचा त्यामागे हेतू होता. एप्रिल 1962 मध्ये कोलंबियातील विमान अपघातात डेव्हिड क्रोझिअर आणि लॉरेन्स रॅडली हे दोन स्वयंसेवक मृत्यू पावले. शिबिरांना त्यांची नावे देण्यात आली. कडा चढण्याचे धाडस आणि परक्या गावात वर्षभर संयमाने काम करण्याची चिकाटी यांचा फारसा संबंध नाही, हे यथावकाश उमगले आणि शिबिरांतील भर गावात राहून शिकण्याकडे वळला.

पूर्वतयारीतील कच्चा दुवा नायजेरियात उघडा पडला. ऑक्टोबर 1961 मध्ये इबादान येथे पुढचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेने अमेरिकेतील मित्रासाठी पोस्टकार्ड लिहिले. तिथल्या राहणीची हलाखी त्यात वर्णन केलेली होती. ते कार्ड पोस्टात जाण्याआधीच नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती पडले आणि विद्यापीठात निषेध सुरू झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील तरुणांना ते वर्णन जिव्हारी लागले, आणि ते साहजिकच होते. स्वयंसेविकेला परत यावे लागले. हार्वर्डसारख्या विद्यापीठात तयार झालेल्या पदवीधरालाही यजमानांच्या स्वाभिमानाचे भान आपोआप येत नाही, हा त्या घटनेचा धडा होता. त्यानंतरच्या प्रत्येक प्रशिक्षणात तो सांगितला जाऊ लागला.

भाषेचे स्थान

सुरुवातीच्या वेळापत्रकांत भाषेला इतर सात विषयांच्या बरोबरीची जागा होती. गावात पोहोचलेल्या स्वयंसेवकांनी कळवले की भाषेवाचून बाकीचे शिक्षण निरुपयोगी ठरते. त्यामुळे भाषेचे तास वाढत गेले आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे तीनशे तासांचे लक्ष्य ठेवले गेले. शिकवण्याची पद्धतही बदलली. व्याकरणाचे नियम पाठ करण्याऐवजी बोलीतील संवाद ऐकायचे, पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि त्यातल्या वाक्यांत शब्द बदलून नवी वाक्ये करायची, ही पद्धत रुळली. त्या त्या देशातून अमेरिकेत शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षक म्हणून नेमले जाऊ लागले. ज्या भाषांची पाठ्यपुस्तके अमेरिकेत कधी निघालीच नव्हती, त्यांचे धडे घाईघाईने तयार झाले.

मराठीचा समावेश या प्रवाहात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1965 मध्ये नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचे बोली मराठीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. भाषा-अभ्यासकेंद्रांना मिळालेल्या पाठबळाचा हा काळ होता. पीस कोअरमधून महाराष्ट्रात आलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव लिलियन कार्टर यांचे. जॉर्जियातील या परिचारिका पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. 1966 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, त्यांनी पीस कोअरसाठी अर्ज केला. ताज्या पदवीधरांसाठी आखलेले प्रशिक्षण त्यांनी शिकागोत त्या तरुणांसोबत घेतले आणि तिथे मराठीचे धडे गिरवले. त्यानंतर त्यांनी मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचे आणि मग दवाखान्यातले काम केले. त्यांची घरी लिहिलेली पत्रे 1977 मध्ये पुस्तकरूपाने आली. दवाखान्यात त्यांच्या उपयोगी पडले ते परिचारिकेचे अनेक वर्षांचे कसब. कौशल्य आधीच अंगी असेल तर अल्प प्रशिक्षणही पुरते आणि ते नसेल तर तीन महिन्यांत घडवता येत नाही, हे त्यांच्या उदाहरणातून दिसते.

टीका आणि फेरविचार

1966 मध्ये पीस कोअरमध्ये स्वयंसेवक आणि प्रशिक्षणार्थी मिळून 15 हजारांहून अधिक जण होते. भारतातील संख्या हजाराच्या पुढे गेली. यांतले बहुसंख्य कला शाखेचे नवे पदवीधर होते. शेती, कुक्कुटपालन किंवा आरोग्य यांचा अनुभव नसलेल्या तरुणांना काही आठवड्यांत त्या कामात तरबेज करण्याची अपेक्षा विद्यापीठांकडून केली जात होती. शहरात वाढलेला इंग्रजी साहित्याचा पदवीधर कोंबड्यांचे रोग ओळखायला शिकत होता आणि पिढीजात शेतकऱ्याला सल्ला द्यायला निघत होता. यजमान देशांतील अधिकाऱ्यांना आणि स्वतः स्वयंसेवकांनाही यातील विसंगती जाणवत होती.

मार्च 1965 मध्ये परतलेल्या सुमारे हजार स्वयंसेवकांची परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली. परतलेल्यांची तक्रार अशी होती की, विद्यापीठांतील प्रशिक्षण पदवीच्या वर्गाचीच घाईची आवृत्ती झाले आहे. प्राध्यापक व्याख्यान देत आणि विद्यार्थी टिपणे काढत. गावात मात्र व्याख्यान नसते आणि प्रश्नही नीट मांडलेले नसतात. तिथे ऐकून घ्यावे लागते, वाट पाहावी लागते आणि चूक झाली तर लोकांसमोर ती मान्य करावी लागते. पेरूतील विकोस या गावात कॉर्नेल विद्यापीठाचा दीर्घ प्रकल्प चालू होता. त्याच गावाने 1960 च्या दशकाच्या मध्यास सभा घेऊन पीस कोअरच्या स्वयंसेवकांना निघून जाण्यास सांगितले. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिलेल्या गावातही असे घडू शकते, यावरून वर्गातल्या ज्ञानाची मर्यादा स्पष्ट झाली.

सर्वांत कठोर टीका इव्हान इलिच यांनी केली. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे लॅटिन अमेरिकेत काम करू इच्छिणाऱ्यांना सखोल स्पॅनिश आणि तिथली संस्कृती शिकवणारे केंद्र ते चालवत. 1968 मध्ये मेक्सिकोत सेवेला येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केले. लोकांची भाषा येत नसताना आणि त्यांनी बोलावलेले नसताना केलेली सेवा यजमानांवर आपली जीवनपद्धती लादते, असे त्यांचे म्हणणे होते. पर्यटक म्हणून या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, हा त्यांचा आग्रह होता. हे भाषण आजही परदेशी सेवेच्या अभ्यासक्रमांत वाचायला दिले जाते.

विद्यापीठांतले नवे प्रयोग

या टीकेतून विद्यापीठांनी काही चांगले प्रयोग केले. 1964 मध्ये ‘अॅडव्हान्स ट्रेनिंग प्रोग्रॅम’ सुरू झाला. पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्याला प्रशिक्षण द्यायचे, शेवटच्या वर्षी त्याने आपल्या महाविद्यालयात भाषा आणि प्रादेशिक अभ्यास चालू ठेवायचा आणि पदवीनंतर दुसरा उन्हाळा पुन्हा प्रशिक्षणाला द्यायचा, अशी त्याची रचना होती. तयारी दहा-बारा आठवड्यांत कोंबण्याऐवजी ती वर्षभर पसरवली गेली. शिकलेले मुरायला आणि बेत बदलायचा असेल तर तो बदलायलाही त्यामुळे विद्यार्थ्याला वेळ मिळाला.

1967 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ब्रॉकपोर्ट येथील महाविद्यालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. गणित आणि विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन उन्हाळे आणि एक शैक्षणिक वर्ष शिकवून पदवी द्यायची आणि लगेच लॅटिन अमेरिकेत शिक्षक म्हणून पाठवायचे, असा हा अभ्यासक्रम होता. स्पॅनिश भाषा आणि अध्यापनाचा सराव यांची त्यात पदवीशी जोड होती. हॅरिस वॉफर्ड याच सुमारास पीस कोअरकडे जगभर विखुरलेले विद्यापीठ म्हणून पाहण्याचा विचार मांडत होते. स्वयंसेवकाची दोन वर्षे हाच शिक्षणाचा गाभा आहे आणि विद्यापीठाने त्याच्या आधी व नंतर साथ द्यावी, असा त्याचा आशय होता.

प्रशिक्षण यजमान देशांत

1960 च्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. व्हिएतनाम युद्धामुळे विद्यापीठांतील तरुणांचा सरकारी योजनांवरचा विश्वास उडाला आणि अर्ज घटले. 1969 मध्ये संचालक झालेल्या जोसेफ ब्लॅचफर्ड यांनी अनुभवी कारागीर आणि व्यावसायिक घेण्यावर भर दिला. यजमान सरकारांचीही तीच मागणी होती. याच काळात प्रशिक्षण अमेरिकेतून उचलून यजमान देशांत नेले गेले. भाषा शिकायची तर ती बोलणाऱ्यांच्या घरी राहून शिकणे स्वस्तही होते आणि परिणामकारकही. स्थानिक शिक्षकांना काम मिळाले आणि आपल्या देशात येणाऱ्यांना घडवण्यात यजमानांना वाटा मिळाला. साम्यवादावरची व्याख्याने आणि साहसी शिबिरे मागे पडली. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी विद्यापीठांशी झालेले बहुतेक करार संपले. भारतातील पीस कोअरचे काम 1976 मध्ये थांबले. तोवर चार हजारांहून अधिक स्वयंसेवक देशाच्या निरनिराळ्या भागांत काम करून गेले होते.

आजची सेवा साधारण 27 महिन्यांची असते. पहिले तीन महिने यजमान देशातल्या कुटुंबात राहून भाषा, काम आणि रीतिरिवाज शिकण्याचे आणि पुढची दोन वर्षे नेमून दिलेल्या गावी कामाची. विद्यापीठांच्या वाट्याला यातील एकही महिना येत नाही.

पुन्हा महाविद्यालयांकडे

तरीही विद्यापीठांचे नाते तुटले नाही. 1985 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने परतलेल्या स्वयंसेवकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य देणारी योजना सुरू केली. 1987 मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या कॅम्डन शाखेत ‘मास्टर्स इंटरनॅशनल’ सुरू झाले. विद्यार्थी एक वर्ष पदव्युत्तर अभ्यास करी, मग पीस कोअरमध्ये जाई आणि तिथल्या कामावर आधारित अभ्यास पुरा करून पदवी मिळवी. शेती, वनसंवर्धन, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांत ही योजना अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. ती 2016 मध्ये बंद करण्याचे ठरले.

पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीचा सध्याचा उपक्रम म्हणजे ‘पीस कोअर प्रेप’. इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग येथील नॉक्स कॉलेजात 2007 मध्ये तो सुरू झाला आणि पुढे शंभरहून अधिक महाविद्यालयांत पसरला. त्याचे चार भाग आहेत. पहिला कामाच्या क्षेत्राचा. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, शेती, युवक विकास आणि सामुदायिक अर्थविकास यांपैकी एक क्षेत्र निवडून विद्यार्थी त्यातील तीन विषय शिकतो आणि त्याच क्षेत्रात किमान 50 तास प्रत्यक्ष काम करतो. दुसरा भाग परकीय भाषेचा. जिथे जायचे त्या प्रदेशाप्रमाणे भाषेची अपेक्षा कमी-अधिक असते आणि लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिशचा पाया पक्का असावा लागतो. तिसरा भाग भिन्न संस्कृतींच्या लोकांबरोबर राहण्याच्या क्षमतेचा. चौथ्यात अर्ज, मुलाखत आणि नेतृत्वाचा अनुभव येतो. शेवटी प्रमाणपत्र मिळते, पण पीस कोअरमधील निवडीची हमी मिळत नाही.

1961 च्या उन्हाळी वर्गांशी तुलना केली की या रचनेतला बदल स्पष्ट होतो. तयारी तीन महिन्यांऐवजी पदवीच्या चार वर्षांत विभागली आहे. 50 तासांचे काम स्वतःच्या गावातल्या शाळेत, दवाखान्यात किंवा शेतावर करायचे असते. परदेशी जाण्याआधी शेजारच्यांच्या उपयोगी पडण्याची सवय लागते आणि आपल्याला हे काम झेपते का, हेही कळते. निवड करणारा आणि शिकवणारा आता वेगळा आहे, त्यामुळे विद्यार्थी निर्भयपणे शिकू शकतो. ज्याचा विचार बदलतो त्याच्याकडेही भाषा आणि अनुभव उरतोच. मर्यादाही आहेत. महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या भाषा मोजक्याच असतात आणि आफ्रिका-आशियातील बहुसंख्य गावांत बोलल्या जाणाऱ्या भाषा त्यांत नसतात. ती उणीव यजमान देशातील पहिल्या तीन महिन्यांनीच भरून काढावी लागते.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पीस कोअरने 60 हून अधिक देशांतील सुमारे सात हजार स्वयंसेवक एकाच वेळी परत बोलावले. संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. 2022 पासून स्वयंसेवक पुन्हा परदेशी जाऊ लागले. मधल्या काळात अनेक ठिकाणी स्थानिक सहकाऱ्यांनी काम पुढे चालू ठेवले होते, आणि जिथे ते चालू राहिले तिथेच आधीची सेवा खऱ्या अर्थाने फळाला आली होती.

दोन शतकांच्या या इतिहासातून विद्यापीठांसाठी एक निष्कर्ष निघतो. सद्भावना विद्यार्थ्याकडे आधीच असते, ती शिकवावी लागत नाही. विद्यापीठाने त्याला एखाद्या कामात खरोखर निष्णात करावे, एक परकी भाषा बोलण्याइतकी यावी याची काळजी घ्यावी आणि दुसऱ्या समाजाकडून शिकण्याची नम्रता त्याच्यात रुजवावी. गावाची भाषा, गावाची गरज आणि गावात राहण्याची रीत शिकवण्याचे काम यजमानांचे आहे आणि ते त्यांच्याच हाती राहिले पाहिजे. ज्या योजनांनी ही वाटणी पाळली त्या टिकल्या. ज्यांनी सगळेच थोड्या आठवड्यांच्या वर्गात बसवण्याचा प्रयत्न केला, त्यांना तो आग्रह सोडावा लागला.